आजोबांची चड्डी

४ सप्टेंबर

शेवटी नाट्यगृहाचं काम माझ्याकडेच आलं. दहा वर्षं बंद पडलेली ती इमारत नगरपालिकेला पुन्हा उघडायची आहे. नव्या खुर्च्या, नवे दिवे, नवा रंग. पण एकही भिंत फोडण्याआधी आत घातक काय काय आहे हे कोणीतरी तपासून द्यावं लागतं, आणि या गावात ते कोणीतरी म्हणजे मी. जुन्या रंगात शिसं असतं. पाइपांच्या वेष्टणात, छताच्या पत्र्यात, फरशीखालच्या काळ्या गोंदात ॲस्बेस्टॉस असतं. हात लावला नाही तर ते गुमान पडून राहतं. फोडलं, घासलं, झटकलं की त्याचे तंतू हवेत जातात, हवेतून छातीत, आणि तिथे तीस-चाळीस वर्षं दबा धरून बसतात.

आईला फोन केला. तिला माझ्या कामाचं एरवी कौतुक नाही (“लोकांच्या घरात खोट काढत हिंडायचं!”), पण आज खूश झाली. “मागचं दार हिरवंच आहे का गं अजून?” म्हणाली. बाबा गेल्यावर तिने इस्त्रीवर घर चालवलं, आणि तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे हे नाटकवाले. त्या हिरव्या दाराशी जाऊन राजांचे झगे आणि शिपायांचे कोट गठ्ठा बांधून आणायचे, घरी इस्त्री करायचे, परत नेऊन द्यायचे. दाराच्या आत तिने कधी पाऊल टाकलं नाही. एक नाटकही पाहिलं नाही बिचारीने. म्हणते, सगळ्या राजांच्या काखेत ठिगळं होती, नाटक काय बघायचं.

६ सप्टेंबर

रविवार, म्हणून आईकडे. तिसऱ्या मजल्यावर चढताना मलाच दम लागतो, मग तिचं काय होत असेल? आज बाजारातून येताना दोनदा जिन्यात बसली. वजन वाढलंय, फिरायला जात नाही, दुसरं काय. सांगून सांगून थकले. पालथ्या घड्यावर पाणी.

दम लागतो, पण इस्त्री सुटत नाही. माझ्या लेकीचे कॉलेजचे शर्ट आठवड्याला तिच्याकडे जातात. आज टेबलावरची “आजोबांची चड्डी” गॅलरीत नेऊन धाडधाड झटकत होती. तेवढ्यानेही धाप लागली.

हे इथे लिहून ठेवते, नाहीतर पुढे माझ्या लेकीला कळायचं नाही. इस्त्रीच्या टेबलावर जे जाड कापड घडी करून घालतात, त्याला आमच्या घरी आजोबांची चड्डी म्हणतात. वरचा अभ्रा आई बदलत असते, आतली चड्डी माझ्या लहानपणापासून तीच. मला तर कितीतरी वर्षं वाटायचं की माझे आजोबा खरोखरच एवढी जाड चड्डी घालायचे. आजोबा मी पाहिले नव्हते, पण त्यांची कीव यायची. त्या टेबलाखाली माझं घर होतं. वरून चादर सोडलेली, आत मी, माझी बाहुली आणि वाफेचा वास. आई कापड सरळ करायला वरून थापट्या मारायची आणि फटीतून पांढरं पांढरं काहीतरी बाहुलीवर भुरभुरायचं. मी म्हणायची, बाहुलीच्या गावात बर्फ पडला. कधी कधी त्या कापडातून एखादं बारीक सोनेरी तारेचं टोक वर यायचं आणि बोटाला टोचायचं. आई ते कात्रीने छाटून टाकायची.

आईला म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ. म्हणाली, “तुझा नियम डॉक्टरलाही लावतेस का? दिसलं नाही तरी आहेच म्हणून?”

नियम असा आहे: तपासणीत एखादी जागा उघडता आली नाही, हात पोचला नाही, तर अहवालात “आढळलं नाही” लिहायचं नाही. “आहे असं धरलं” लिहायचं. आई यावर कायम हसते. “म्हणजे कपाटाची किल्ली सापडली नाही तर आत चोर आहे असं धरायचं का?”

९ सप्टेंबर

इमारतीत पहिला दिवस. आर्किटेक्टला मी घाईसाहेब नाव ठेवलंय. दर वाक्याला घड्याळ बघतात. आत यायचं मात्र नाव नाही, फुटपाथवरून फोनवर सूचना. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. किल्ल्या मात्र दोरीकाकांकडे. इथे पडदे ओढण्यात त्यांचा जन्म गेला, आता पहारा करतात. चष्मा शोधत अर्धं थिएटर फिरले, चष्मा कपाळावर. मी म्हटलं, “काका, काखेत कळसा नि गावाला वळसा.” म्हणाले, “होतं ताई असं. आपलीच काख कोण बघतो.”

बाल्कनीच्या कठड्याच्या रंगात शिसं. तळघरातल्या पाइपांना ॲस्बेस्टॉसचं वेष्टण, उंदरांनी कुरतडलेलं. हे अपेक्षितच होतं.

मग अग्निपडदा. रंगमंचावर आग लागली तर प्रेक्षकांच्या आणि आगीच्या मध्ये धाडकन खाली येणारा तो भला थोरला पडदा. जुन्या थिएटरांत तो हमखास ॲस्बेस्टॉसचा. काका म्हणाले, “आम्ही त्याला आजोबा म्हणायचो. उतरताना कण्हायचा, मध्येच अडून बसायचा आणि एकदा खाली बसला की कोणाच्या बापाला उठायचा नाही.” मी खूप हसले. पाण्याचा फवारा मारून नखाएवढा तुकडा कापला, डबीत घातला, डबी पिशवीत. संध्याकाळभर कोरडा खोकला येत होता. मास्क लावूनही इथली धूळ घशात जाते.

१४ सप्टेंबर

प्रयोगशाळेचा निकाल आला. पडद्यात काहीच नाही, साधं काचतंतूचं कापड. माझा विश्वास बसेना. काकांना विचारलं.

“हा नवा हो ताई. आजोबा केव्हाच गेले.”

“गेले म्हणजे कुठे गेले?”

“वाटून घेतले. एवढं जाड कापड, जळत नाही, टाकवतंय कोणाला? कँटीनवालीने गरम पातेल्यांखाली घातलं. वेल्डरने हातमोजे शिवले. ज्याला जे लागलं ते कापून दिलं. आमच्याकडे नव्हता आला, आमच्या हिने घरात घेऊ दिला नाही. म्हणाली, अंगाला खाजतं.”

माझं डोकंच फिरलं. विषारी कापड प्रसादासारखं वाटलं यांनी! आता कोणाकोणाच्या घरात ते पडून असेल कोण जाणे. काकांवर ओरडले नाही, त्या वेळी कोणाला काही माहीतच नव्हतं. पण घरी येऊन नवऱ्यापुढे तोंडसुख घेतलं. लोकांनी उचलून आणायचं, वर्षानुवर्षं वापरायचं, एकदाही विचारायचं नाही की हे आहे तरी काय. नवरा म्हणाला, “जेवून घे.”

१७ सप्टेंबर

आईला अखेर नेलं, म्हणजे जवळजवळ उचलूनच नेलं. रात्री आडवं झोपता येत नव्हतं आणि हे तिने मला सांगितलं नव्हतं. उशांना टेकून बसून झोपायची. एक्स-रेत उजव्या छातीत पाणी दिसलं. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण शांत. म्हणाल्या, पाणी काढू, तपासायला पाठवू. कारण कळलं तर पुढचं ठरेल. कारण कळलं नाही तर नुसते अंदाज, आणि आईच्या या वयात त्यांना दिवस फुकट घालवायचे नव्हते.

मग नेहमीचे प्रश्न. क्षय, सिगरेट, चूल. शेवटी विचारलं, “ॲस्बेस्टॉसशी कधी संबंध आला होता? कारखाना, जुन्या इमारतीतलं काम?”

मी चटकन म्हटलं, “नाही. माझं तर कामच ते आहे, असतं तर मला कळलं असतं. बाबा पोस्टात होते, आई घरी इस्त्री करायची. नाट्यगृहात जायची, पण मागच्या दारापर्यंतच.”

“नक्की?”

“नक्की.”

त्यांनी कागदावर खूण केली आणि पुढच्या प्रश्नाकडे गेल्या. आई मध्येच म्हणाली, “ही त्यातली मोठी जाणकार आहे हो.” एवढ्या गोंधळात निदान एका प्रश्नाचं ठाम उत्तर देता आलं याचंच मला बरं वाटलं.

२१ सप्टेंबर

घाईसाहेबांशी कडाक्याचं भांडण. रंगमंचाच्या वर, पडद्यांच्या दोऱ्या ओढायच्या चाकांच्याही वर एक पोटमाळा आहे. शिडी मोडलीय, वर जाता येत नाही. म्हणाले, “मॅडम, दिसलं नाही ना? मग नाही लिहा. पुढच्या सोमवारी माणसं येतायत फोडायला.”

मी म्हटलं, “आहे असं धरलं, असं लिहीन. मग तुमच्या माणसांना अंतराळवीरांसारखे पोशाख घालून यावं लागेल. नाहीतर शिडी द्या.”

“तुम्ही प्रत्येक गोष्टीत संशय घेता.”

“त्याचाच पगार घेते.”

दुपारी शिडी आली. वर लाकडाच्या तुळईला जुन्या पडद्याची वरची कड अजून खिळलेली होती. वीतभर रुंद, तुळईच्या लांबीएवढी पट्टी. पडदा कापून नेला, कड वर राहिली. टॉर्च मारला तर कापड राखाडी-पांढरं, सुतळीसारखं जाड, आणि विणीत मधून मधून पितळी तार, जोर यावा म्हणून. तार टॉर्चच्या उजेडात चमकली. जुन्या कापडांत अशी तार घालत हे मी फक्त पुस्तकात वाचलं होतं, प्रत्यक्ष पहिल्यांदाच पाहिली. खाली उतरून घाईसाहेबांना फोटो दाखवला. पहिल्यांदाच घड्याळ बघायचं विसरले. दिवस सार्थकी लागला.

खोकला अजून आहे. काढा घेतला.

२५ सप्टेंबर

पट्टीचा निकाल: ॲस्बेस्टॉस, आणि तेही जवळजवळ निव्वळ. नवऱ्याने विचारलं, मग आनंद का दिसत नाही? आनंद कसला. आईला आज ॲडमिट केलं. उद्या पाणी काढणार आणि सुईने छातीच्या आवरणाचा तुकडा घेणार. इतकी वर्षं मी इमारतींचे तुकडे काढून डबीत घालते. आज त्याच शब्दांत आईबद्दल बोलत होते आणि मला ते सहन झालं नाही. जिन्यात जाऊन रडले.

आईला मात्र काळजी वेगळीच. “दवाखान्याचा गाऊन चुरगळलेला आहे. माझे दोन घरून घेऊन ये, आणि इस्त्री करून आण. अशी बावळट दिसणार नाही मी डॉक्टरपुढे.”

२६ सप्टेंबर

आईच्या घरी गेले. गाऊन धुतलेले होते. इस्त्री तापवली. अभ्र्यावर हात फिरवून सुरकुती सरळ केली आणि बोटाला टोचलं.

सोनेरी तार.

कात्री आणायला उठले, आईसारखीच, आणि अर्ध्या वाटेत थांबले. अभ्रा उसवून बघायची गरज नव्हती. तरी कोपऱ्यातून एक बोटभर उसवला. राखाडी-पांढरं. सुतळीसारखं. ती वीण मी पाच दिवसांपूर्वी शिडीवर उभी राहून पाहिली होती.

आजोबा.

इस्त्री बंद केली. खिडक्या लावल्या. बाहेर येऊन दाराला कुलूप घातलं आणि जिन्यात, आई दम खायला बसते त्याच पायरीवर बसून राहिले. माझं शिक्षण, माझे बूट, माझ्या परीक्षेची फी, सगळं त्या टेबलावरून आलं. तिने रोज त्याच्यावर वाफ सोडली, थापट्या मारल्या, रविवारी झटकलं. आणि मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं की नाही. नक्की.

लेकीला फोन करून इतकंच म्हटलं की आजीच्या घरात पाऊल टाकायचं नाही.

दवाखान्यात गाऊन चुरगळलेलेच नेले. आई म्हणाली, “एवढंसं काम सांगितलं होतं.”

२७ सप्टेंबर

सकाळी आठाच्या आधी वॉर्डात. डॉक्टरीणबाई फेरीला आल्या तशी त्यांना व्हरांड्यात गाठलं. म्हटलं, “त्या दिवशी मी चुकीचं उत्तर दिलं. संबंध आला होता. चाळीस वर्षं, रोज.” मग सगळं सांगितलं, अगदी चड्डीसकट. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंत. आता प्रयोगशाळेला नेमकं काय शोधायचं ते सांगता येईल.” मी विचारलं, दहा दिवस वाया गेले का? म्हणाल्या, “तुकडा कालच घेतलाय. वाया गेले नाहीत.” मला धीर द्यायला म्हणाल्या असतील. मला तो धीर हवाच होता.

दुपारी माझ्याच माणसांना घेऊन आईच्या घरी. पांढरे पोशाख, मास्क, पाण्याचे फवारे. शेजारीण दार उघडून म्हणाली, “काय झालं, साप निघाला?” मी हो म्हटलं. चड्डी भिजवून दोन पिशव्यांत बांधली. ओली झाल्यावर इतकी जड झाली की दोघांनी उचलली. टेबलाखाली जिथे माझं घर होतं तिथे फळ्यांच्या फटींत बोळे सापडले, मळकट पांढऱ्या धुळीचे. माणूस म्हणाला, “ताई, इथलाही नमुना घेऊ?” मी म्हटलं, धरलं.

३० सप्टेंबर

आईला सांगणं टाळत होते. आज तिनेच विचारलं, घराला कुलूप का घातलंस, शेजारीण साप म्हणते, तिसऱ्या मजल्यावर साप कसा येईल?

सांगितलं.

“मी कुठे म्हटलं तुझ्या आजोबांची म्हणून,” म्हणाली. “नाटकवाल्यांचे आजोबा. त्यांच्या कपडेवाल्याने दिली होती. म्हणाला, बाई, याच्यावर इस्त्री विसरलात तरी घर जळणार नाही. तुझे बाबा नुकतेच गेले होते. मी एकटी, तू एवढीशी, आणि मला आगीचीच भीती. कामाच्या नादात इस्त्री विसरले तर? म्हणून घेतली. तुझ्यासाठीच घेतली.”

मी तिचा हात धरला.

मग अचानक माझ्याकडे वळली. “तू टेबलाखाली बसायचीस.”

“हो.”

“रोज बसायचीस.”

“आई, मी लहान होते. मला काही झालेलं नाही.”

“बाहुलीवर बर्फ पडायचा म्हणायचीस,” ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सुई घालताना आलं नव्हतं. मी विषय बदलला.

५ ऑक्टोबर

नाट्यगृहात काम थांबलंय. घाईसाहेब फोन करतात, पण आवाज खाली आलाय. दोरीकाकांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते माफी मागतील आणि मला ते नको होतं. त्यांनी चष्मा शोधला, कपाळावरून खाली घेतला आणि म्हणाले, “चला, कोणाकोणाला दिला ते आठवतो. सगळ्यांकडे जाऊन येऊ.” आज कँटीनवालीकडे गेलो. ती नाही राहिली. सुनेने माळ्यावरून तुकडा काढून दिला, पातेल्यांचे काळे गोल त्याच्यावर तसेच होते. वेल्डरचं घर उद्या.

त्या दिवशी काय म्हणाले होते मी? लोकांनी वर्षानुवर्षं वापरायचं, एकदाही विचारायचं नाही. काखेतल्या कळशाची माझी म्हण मात्र काकांनी मला परत ऐकवली नाही. ते मोठ्या मनाचे आहेत.

८ ऑक्टोबर

निकाल आला. आजाराचं नाव लांबलचक आहे, मला ते माझ्याच अहवालांच्या पहिल्या पानावरून पाठ आहे. दरवेळी “धोके” म्हणून छापते, इतक्यांदा छापलंय की वाचत नाही. पूर्ण बरा होत नाही. औषधांनी मागे ढकलता येतो, किती ते सांगता येत नाही. डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. कारण माहीत असल्यामुळे उपचार लगेच सुरू होणार, अंदाज बांधत बसायचं नाही.

आई नीट ऐकत होती. तिने इस्त्री केलेला गाऊन घातला होता. माझ्या लेकीने साध्या चादरीच्या घडीवर केला होता, आणि खिशापाशी इस्त्रीचा तपकिरी त्रिकोण उमटला होता. आई सकाळीच म्हणाली होती, “आमच्या घरात जळालेला हा पहिला कपडा,” आणि हट्टाने तोच घातला.

डॉक्टरीणबाईंनी कागद मिटले. जाता जाता सवयीने माझ्याकडे वळून विचारलं, “तुम्ही बऱ्या आहात ना? खोकला ऐकला मघाशी.”

“हो, मी बरी आहे,” मी म्हटलं. “थिएटरातली धूळ. मला काही नाही.”

“एक्स-रे काढलाय का तिने?” आईने मला नाही, त्यांना विचारलं.

“नाही,” मीच म्हटलं.

“म्हणजे अजून कोणी उघडून बघितलेलं नाही.” आईला मध्ये श्वास घ्यायला थांबावं लागलं. “मग नाही लिहू नका. हिच्यातही आहे असं धरा.”

डॉक्टरीणबाईंनी मिटलेले कागद पुन्हा उघडले. माझा एक्स-रे उद्या सकाळी आहे, आणि आई म्हणते ती बरोबर येणार.